टीव्ही आमचा मोठा, रांग तुमची लांब

आजच्या समारंभाच्या अध्यक्ष आणि आंबेसावळीच्या सरपंच माननीय नंदाबाई, व्यासपीठावर बसलेले तालुका आरोग्य अधिकारी साहेब, ज्यांच्यासाठी आपण सारे जमलो आहोत त्या आपल्या समुदाय आरोग्य अधिकारी तृप्तीताई, आशाताई, अंगणवाडीताई, समोर बसलेली आंबेसावळीची थोर आणि तरुण मंडळी, आणि डाव्या हाताला सतरंजीवर बसलेल्या, मला न सांगता माझ्याआधीच इथं पोहोचलेल्या आमच्या तांबुळवाडीच्या आयाबहिणींनो, सगळ्यांना माझा मनापासून नमस्कार.

मी काकासाहेब. मधला ओढा ओलांडला की जे गाव लागतं, त्या तांबुळवाडीचा. भोकरदन तालुक्याच्या बातम्या पेपरला पाठवण्यात माझी हयात गेली. पान बंद व्हायच्या आत मजकूर पोचवायचा, एवढी एकच विद्या मला येते. तेव्हा भाषण लांबेल याची अध्यक्षांनी चिंता करू नये.

मघापासून बरीच भाषणं झाली. तृप्तीताई चालल्या म्हणून मन भरून आलं, असं प्रत्येकानं सांगितलं. माझंही मन भरलेलं आहे, पण कशानं, ते सांगतो. मला तुमच्या गावाचा हेवा वाटतो. आजच वाटतो असं नाही. ही दूरच्या डॉक्टरांची खोली तुमच्या उपकेंद्रात सुरू झाली, तेव्हापासून वाटतो. सकाळी ओढ्यावर आलो की पलीकडून तुमच्या उपकेंद्रापुढची रांग दिसते, आणि घेतलेला चहा कडू होतो. हसा, हसा. ज्याच्याकडं आहे त्यानं हसायलाच पाहिजे.

तुम्ही मला शेजारचा पाहुणा म्हणून बोलावलं. तुमचा चांगुलपणा. पण मी निरोप द्यायला आलो, असं धरून चालू नका. मी मागणी घालायला आलोय.

साहेबांना माहीत आहेच, बाकीच्यांसाठी सांगतो. ताईंची बदली नियमानं झाली. त्यांच्यापुढं दोन रिकाम्या जागा आहेत. एक शहागडकडची. गोदावरीकाठ, हायवे, गाडीघोड्याची सोय, आणि ताईंचं माहेर तिथून हाकेच्या अंतरावर. दुसरी जागा आमची, तांबुळवाडीची. कुठली पसंत, ते त्यांनी उद्या कळवायचं आहे. आंबेसावळीला काही धास्ती नाही. तुमच्याकडं नवे अधिकारी येणार, त्यांची ऑर्डर निघाली. भले गृहस्थ आहेत, मी त्यांना ओळखतो. पण गृहस्थ आहेत. आमच्या ज्या बाया ओढा ओलांडून ताईंपाशी बोलायला येतात, त्या उद्या त्यांच्यापाशी बोलतील का? मला वाटत नाही. ताईंनी शहागड लिहिलं, तर आमच्या गावात पुन्हा घरोघर एकच उत्तर ऐकू येईल, "काई न्हाई, बरी हाय मी." त्यातलं एक घर माझं आहे. म्हणून आलोय.

आता माझा हेवा रास्त आहे की नाही, ते तुम्हीच ठरवा. हकिगत सगळी सांगतो.

एका संस्थेनं दोन्ही गावांना एकाच दिवशी, एकसारखी मदत दिली. पेशंट गावात, डॉक्टर शहरात, आणि मध्ये यंत्रं, अशी खोली उभी करायची. अट एकच होती. यंत्रं गावानं स्वतः बघून निवडायची. आमच्याकडं समिती तयारच होती आणि अध्यक्ष मी. देवळाच्या मंडपात बैठक घेतली. सगळे कर्ते पुरुष हजर. मंडळी, आम्ही काय बेफिकीर होतो का? बिलकुल नाही. फार विचार केला. शहरातला मोठा डॉक्टर आपल्या गावात येणार, मग तो काचेतून का येईना, त्याचा मान राहिला पाहिजे. पाहुण्याला कुणी बारकं स्टूल देतं का?

रामराव म्हणाले, "डाक्टर भिंतभर दिसला पायजे. मागं बसलेल्या मानसाला बी दिसला पायजे."

मंजूर. दुसरे म्हणाले, आवाज पारापर्यंत गेला पाहिजे. मंजूर. कॅमेरा छताला टांगायचा, जो बोलेल त्याच्याकडं आपोआप तोंड फिरवणारा. तोही मंजूर. आणि हे सगळं मांडायचं ग्रामपंचायतीच्या हॉलमध्ये, कारण तिथं खुर्च्या आहेत आणि तिथली लाईट सहसा जात नाही. पंधरवड्यात यंत्रं गावात! मी अजूनही म्हणतो, टीव्ही एक नंबर आहे. तसा टीव्ही जालन्यात कुण्या दवाखान्यात असेल तर मला दाखवा.

उद्घाटन तर असं झालं की विचारू नका. नारळ फोडला. टीव्हीला हार घातला. शहरातले डॉक्टर काचेवर प्रकट झाले तशी टाळ्यांनी छत दणाणलं. बिचाऱ्यांनी घाबरून हात जोडले. आता सत्कार कसा करायचा? शाल तर आणलेली. कुणीतरी ती टीव्हीच्या वरच्या कडेवर पांघरली. ती घसरून खाली आली आणि डॉक्टरांचा नाकापर्यंतचा चेहरा झाकला गेला. ते तिकडून विचारतायत, "मला तुम्ही दिसताय, तुम्हाला मी दिसतोय का?" आणि इकडून सगळे ओरडतायत, "दिसून राह्यले साहेब, अर्धे!"

मग पहिला पेशंट. मान घरातल्या थोरल्या माणसाला द्यावा म्हणून माझ्या चुलतीला, साखराबाईंना खुर्चीवर बसवलं. त्या समोरच आहेत. हा प्रसंग सांगायची परवानगी मी त्यांच्याकडून घेतली आहे. "तेवढंच सांग, म्होरचं तुला म्हाईत न्हाई," असं त्यांनी बजावलं आहे. तर काकू बसल्या. छताच्या कॅमेऱ्यानं मान वळवून त्यांच्याकडं बघितलं. डॉक्टर फार प्रेमानं बोलले. "आजी, लघवीला काही त्रास होतो का?"

डॉक्टर हळूच बोलले होते. पण आवाज पारापर्यंत जाईल असं यंत्र घेतलं कुणी? आम्ही. पारावर पत्ते खेळणाऱ्यांचे हात थांबले. हॉलमधली पंधरा-वीस डोकी काकूंकडं वळली. काकूंनी पदर पुढं ओढला, "मला काई बी झालं न्हाई," म्हणाल्या आणि उठल्या. दाराशी मला गाठून म्हणाल्या, "आरं, आपन मेंढराची कास बी आडोशाला नेऊन बघतो. आन् तू मला गावाम्होरं बशिवलं?"

त्यानंतर त्या खुर्चीवर कुणी बसलं नाही. क्रिकेटचा सामना असला की हॉल भरतो, हे खरं. खेळाडू भिंतभर दिसतात. मागच्यालाही दिसतात.

आता तुमचं काय चाललं होतं? आमचं उद्घाटन पेपरात छापून आलं, तरी आंबेसावळीत अजून विक्रेत्यांच्या फेऱ्याच सुरू होत्या. कबूल करतो, मला बरं वाटलं. 'शेजारच्या गावात खोलीचा पत्ता नाही' असं शीर्षक मनात तयार करून मी एक दिवस इथं आलो. ते शीर्षक छापलं गेलं नाही. का, ते ऐका.

उपकेंद्राच्या ओट्यावर तुमच्या बाया बसलेल्या. टेबलावर यंत्रं मांडलेली. प्रितम नावाचे विक्रेते शहरातून आलेले, गळ्यात टाय, भर उन्हात. आणि शेजारी आपल्या कचरूभाऊंची पिठाची गिरणी धडधडतेय. छातीचे ठोके दूरच्या डॉक्टरला ऐकवणारी नळी दाखवायची होती. प्रितमराव म्हणाले, "म्याडम, डेमोपुरती गिरणी बंद करायला सांगा ना."

ताईंनी तिकडं तोंड करून हाक मारली, "कचरूभाऊ, बंद करू नका हं. उलट ज्वारी टाका."

"म्याडम, ठोके ऐकू जाणार नाहीत."

"मग रोज कसे जाणार? पेशंट आला की गावानं दळण थांबवायचं का?"

लावली नळी. कचरूभाऊंच्या कारभारणीच्या छातीला लावली आणि शहरातल्या डॉक्टरांना विचारलं. डॉक्टर म्हणाले, या बाईंना जल्दी दवाखान्यात हलवा, हे ठोके माणसाचे वाटत नाहीत. गिरणीच ऐकली होती त्यांनी. ती नळी परत गेली. दुसरी आली, तीही परत. बाहेरचा आवाज गाळून आतला तेवढा पाठवते ती नळी मिळेपर्यंत ताईंनी प्रितमरावांना किती खेटे घालायला लावले, ते त्यांचं त्यांना ठाऊक. रक्तदाब मोजायचा पट्टा आला, तर ताईंनी एका बाजूला कचरूभाऊंचा दंड धरला, दुसऱ्या बाजूला एका कुपोषित पोरीचा. एकच पट्टा दोघांना बरोबर बसत नाही, मग आकडा खरा कसा मानायचा? लहान-मोठे पट्टे द्या, नाहीतर यंत्र नको. मधेच उठून इंटरनेटची वायर उपटली. "आता काय करतं तुमचं यंत्र?" एक यंत्र सगळं विसरून बसलं. दुसऱ्यानं घेतलेला फोटो आणि ठोके जपून ठेवले आणि वायर जोडल्यावर आपसूक पाठवले. घेतलं ते दुसरं.

मी कोपऱ्यात बसून बघत होतो आणि मनात म्हणत होतो, इतकी चिकित्सा? आम्ही तर बैलजोडीसुद्धा एवढी बघून घेतली नाही. तेवढ्यात प्रितमरावांनी ठेवणीतलं अस्त्र काढलं. भिंतभर टीव्ही आणि मोठे स्पीकर. "म्याडम, तांबुळवाडीनं हाच सेट घेतलाय."

मी ताठ बसलो. आता म्हटलं बघू.

ताई म्हणाल्या, "प्रितमभाऊ, चांगलाच असेल. असं करा, तुम्हीच पेशंट व्हा."

भर ओट्यावर, बायांच्या घोळक्यात त्यांना खुर्ची दिली. ताई आतल्या खोलीत गेल्या आणि माईकवरून विचारायला लागल्या. स्पीकरमधून आवाज फाट्यापर्यंत. "वय काय आपलं? बरं. शौचाला साफ होते का? नाही? कधीपासून? रक्त पडतं का? घरात कुणाला मूळव्याध आहे का?"

प्रितमरावांच्या टायपासून कानापर्यंत सगळं लाल. "म्याडम, हे असं सगळ्यांसमोर?"

आणि ओट्यावरून एक आजी, "सांग की बाबा, लाजतो कामून? आमी काय परके हाव का?"

बाया अशा हसल्या की गिरणी ऐकू येईना. ताई बाहेर आल्या आणि शांतपणे म्हणाल्या, "भाऊ, तुम्ही टाय घालून सांगू शकला नाहीत, तर या कशा सांगतील?" बिचारे पुढच्या खेपेला लहान काचेचं यंत्र आणि कानाला लावायचा रिसीव्हर घेऊन आले. राग मात्र धरला नाही. उलट मला जाताना विचारत होते, मूळव्याधीला खरंच दाखवावं का म्हणून.

आम्ही आमच्या माणसांना विचारलं होतं, तुम्हाला काय पाहिजे? असं विचारलं की माणूस भिंतभर टीव्ही मागतो. ताईंनी बायांना विचारलं होतं, काय नको? आवाज बाहेर जायला नको. तोंड दिसायला नको. दार रस्त्याकडं नको. नवऱ्याचा फोन नंबर लिहायला नको. त्यातून ही खोली झाली. बाई कापडाच्या आडोशामागं बसते, नळी स्वतःच्या हातानं लावते, ताई अलीकडून सांगतात, थोडं खाली, थोडं डावीकडं. कातडीवरचा डाग दाखवायचा तर मुठीएवढा कॅमेरा आहे. जिथं टेकवाल तेवढंच बघतो, इकडंतिकडं मान फिरवत नाही. डॉक्टर बोलतात ते तिच्या कानात.

मंडळी, यंत्रं चांगली निवडली याचा मला हेवा वाटला असता, तर तो दोन दिवसांत ओसरला असता. शेजाऱ्याचा बैल चांगला निघाला तर माणूस किती दिवस झुरेल? खरं दुखणं पुढं आहे.

आमच्या गावातल्या बाया एकाएकी फार देवभोळ्या झाल्या. आज ही राजूरला गणपतीला निघाली, उद्या ती. आमची मंडळीसुद्धा, म्हणजे सौभाग्यवती सत्यशीलाबाई, दर पंधरा दिवसांनी जीपमध्ये बसायला लागल्या. घरी प्रसाद यायचा. मी भक्तिभावानं खायचो. एक दिवस जीपवाले आदिनाथ मला फाट्यावर भेटले. म्हणाले, "काका, एक विचारू का? रागवू नका. तुमच्या गावच्या बाया राजूर म्हनून बसत्यात आन् आंबेसावळीच्या फाट्यावरच उतरत्यात. गनपतीपर्यंत एक बी येत न्हाई."

"आणि प्रसाद?"

"तो मीच आनून देतो ना काका. परतीला."

आता सांगा. मी तालुक्याचा वार्ताहर. कुणाच्या विहिरीला पाणी लागलं, कुणाच्या पोरीचं कुठं जमलं, कोण कुठल्या पक्षात चाललं, मला संध्याकाळच्या आत कळतं. आणि माझ्या घरातली बाई कित्येक महिने तुमच्या रांगेत उभी, ते मला जीपवाल्यानं सांगायचं!

गेल्या वर्षापर्यंत सत्यशीलाबाई शेताची चढण चढताना मधे दोनदा बांधावर टेकायच्या. मी विचारायचो, काय होतं? "काई न्हाई. वय झालं." मी म्हणायचो, भोकरदनला दाखवू. "कशाला उगं खर्चा?" आता त्या टेकत नाहीत. माझ्यापुढं चालतात आणि वर जाऊन माझी वाट बघतात. डाळीच्या डब्यामागं गोळ्यांची पाकिटं असतात, ती मला दिसतात. त्यांना काय झालं होतं, ते ताईंना माहीत आहे. शहरातल्या एका डॉक्टरांना माहीत आहे, ज्यांना आम्ही शाल पांघरली होती. कदाचित सतरंजीवर बसलेल्या या अर्ध्या बायांनाही माहीत आहे. मला माहीत नाही. नवरा असून नाही. हेवा कशाला म्हणतात, ते मला विचारा.

मी ताईंना विचारलं. सरळ येऊन विचारलं. ताई म्हणाल्या, "काका, त्या सांगतील तेव्हा सांगतील."

म्हटलं, "आणि नाही सांगितलं तर?"

"तर नाही सांगितलं."

एवढं बोलून मला चहा दिला. चहा चांगला होता. रागावताही येईना.

पुढं बदलीची कुणकुण लागली आणि मी पुन्हा ओढा ओलांडला. पेपरवाल्याला आधी कळतं, त्याचा एवढा तरी उपयोग. म्हटलं, ताई, तांबुळवाडी लिहा. भिंतभर टीव्ही तयार आहे.

"तिथं येऊन मी काय करू काका? मॅच बघू?"

हे लागलं मला. पण पुढं जे म्हणाल्या ते जास्त लागलं. "तुमच्या बायांना विचारा, खोलीत काय नको. ते मला कळू द्या. मग मी विचार करीन. माहेर सोडून यायचं तर काहीतरी बघून येऊ ना?"

अवघड काय आहे, असं मला वाटलं. हॉलमध्ये बायांची बैठक बोलावली. आल्या, बसल्या, चहा घेतला, बशा घासून ठेवल्या आणि गेल्या. एकीनं तोंड उघडलं नाही. घरी आल्यावर मी सत्यशीलाबाईंना म्हटलं, का गं, कुणी बोललं का नाही?

"कोन बोलंल? तुमी समोर बसून राह्यले. उद्या पेपरात देताल."

"मी असं कुणाचं काही कधी दिलंय का?"

"इहिरीत पडलेली म्हैस दिल्ती न्हाई का तुमी? फोटूसहित? म्हशीला इचारलं व्हतं का?"

यावर मंडळी, पत्रकारितेत उत्तर नाही.

मग बायांनी त्यांची बैठक त्यांनीच घेतली. साखराबाईंच्या मेंढवाड्यात. मला बाहेरच्या दगडावर बसवलं. आतून काय ऐकू यावं? मधूनच हसणं, मधूनच एकदम शांतता, आणि मेंढरांचा आवाज. माझ्या गावाची एवढी मोठी बातमी दहा पावलांवर तयार होत होती आणि मी मेंढरं ऐकत होतो. बऱ्याच वेळानं काकू बाहेर आल्या. म्हणाल्या, "ऐक. तुमचा टीव्ही हालमधीच राहू द्या, म्याच बघा. खोली शाळंच्या मागची, दार गल्लीकडून. यंत्रं आमी बघून घेऊ, गिरनी चालू ठिवून. आन् समितीत तू नको."

"मी नको? काकू, मी अध्यक्ष आहे."

"गडी मानूसच नको. तू तर बिलकुल नको."

मी राजीनामा दिला. आनंदानं दिला असं छापू नका. ग्रामसभेत नवी समिती झाली, सगळ्या बाया, आणि अध्यक्ष साखराबाई. जन्मभर मेंढरामागं हिंडलेली माझी काकू माझ्या खुर्चीवर बसली, आणि मला त्या खोलीच्या दारातसुद्धा उभं राहायची मनाई आहे. आतापर्यंत शेजारच्या गावाचा हेवा वाटत होता. आता घरातल्यांचाही वाटतो.

सांगायचा मुद्दा असा की मागणी घालायला मी आलो खरा, पण तो अधिकार माझा राहिलेला नाही. नंदाबाईंनी परवानगी द्यावी. काकू, या वर. साहेब, जरा जागा द्या, पायरी उंच आहे. या. हा माईक घ्या.

नको?

बरं. माईक नको म्हणतात. मग काय करायचं, काकू? ताईंच्या कानात सांगणार म्हणतात. सांगा. आम्ही थांबतो. मागच्यांनी जरा शांत राहा.

...बरंच काही सांगणं चाललंय. मला वाटलं होतं, दोन शब्द असतील. ताई मान खाली घालून ऐकतायत. आता हसल्या. नाही, नुसत्या हसल्या नाहीत, डोळे पुसतायत. काकूंचा हात धरलाय. काय सांगितलं असेल हो? साहेब, आपण शेजारी आहात, आपल्याला काही ऐकू आलं? नाही? मलाही नाही.

ताई काहीतरी म्हणतायत. काय म्हणालात? पुन्हा सांगा.

मंडळी, ताई म्हणतात, "काकासाहेब, उद्या तांबुळवाडी लिहिते."

वाजवा! आमच्या बाजूनं जोरात वाजवा!

आंबेसावळीकर, तुमच्या टाळ्या जरा हळू पडल्या, ते माझ्या लक्षात आलंय. मी ओळखतो तो आवाज. ताई आमच्याकडं रुजू झाल्या की सकाळी ओढ्यावर या, आमच्याकडची रांग तुम्हाला दिसेल. चहा कडू लागेल. हळूहळू सवय होते. आणि शहागडकडच्या मंडळींपर्यंत ही बातमी मी स्वतःच पोचवीन, तेवढं सुख मला घेऊ द्या. ताई, तुमचं माहेर लांब राहिलं. त्याची भरपाई आमच्याच्यानं होणार नाही, हेही जाणतो. उगीच होईल म्हणत नाही.

मला बोलायची संधी दिली म्हणून अध्यक्ष नंदाबाईंचे आणि संयोजकांचे आभार. तुमच्या खोलीत आमच्या बायांना कधी परकं मानलं नाही, रांगेत पुढं घेतलं, कुणापाशी चकार शब्द काढला नाही, त्याबद्दल आंबेसावळीच्या सगळ्या आयाबहिणींचे आभार मानायला माझ्याकडं शब्द कमी आहेत, आणि शब्दांवरच मी पोट भरलंय. आदिनाथांचे प्रसादाबद्दल आभार. प्रितमराव इथं नाहीत, त्यांच्या प्रकृतीला आराम पडो.

बोलण्याच्या ओघात कुणाचं नाव राहून गेलं असेल, कुणाला शब्द टोचला असेल, पाहुण्यानं पाहुण्यासारखं वागायचं सोडून तुमच्याच मांडवातून माणूस पळवलं असेल, तर शेजारधर्म म्हणून पोटात घाला. हेव्याची माफी मागत नाही. तो अजून निवलेला नाही. काकूंनी कानात काय सांगितलं, ते काही मला कळणार नाही.

सत्यशीलाबाई, तुम्ही तिकडं पदर तोंडाला लावून कशाला एवढं हसताय? म्हणजे तुम्हाला माहीत आहे? घरी गेल्यावर निदान मला...

बरं, राहू द्या. नाही विचारत.

नमस्कार.